दोन फुटांवरचा नळ

खरं सांगायचं तर मी एनएसएसमध्ये गेलो ते दहा मार्कांसाठी.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एम-थ्रीचा पेपर अवघड गेला होता आणि सिनियर सांगत होते, ‘राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाल, सवलतीचे दहा मार्क मिळतात.’ घातलं नाव. त्या हॉलमध्ये माझ्यासोबत बसलेल्या निम्म्या लोकांचं कारण हेच होतं. समोर फळ्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिरातल्या रथाचं चाक काढलेलं होतं. सर सांगत होते, चाकाचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार. आम्ही मनात हिशोब करत होतो. दोन वर्षांत २४० तास, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. दहा मार्कांना महाग नाही.

एक गोष्ट मी त्या हॉलमध्ये कुणालाही सांगितली नव्हती. माझी आई सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी घरोघरी जाऊन पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची, कुणी चड्डीत केलं तर धुवायचं, हे तिचं काम. मी मोठा झालो तोच त्या खोलीत. पण कॉलेजात कुणी विचारलं की मी सांगायचो, ‘आई सरकारी नोकरीत आहे.’ हे खोटंच होतं. अंगणवाडीतल्या बायकांना सरकार पगार नाही, मानधन देतं. या दोन शब्दांमधल्या फरकावर कितीतरी संप आणि मोर्चे झालेत.

त्या शिबिरात जे झालं ते सांगायला बसलो, तर मागचा इतिहास उलगडत गेला. म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

इंजिनिअर कशासाठी?

पुण्यात १८५४ साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं. आजच्या सीओईपीचं ते मूळ. उत्तरेत रुरकीचं कॉलेज त्याच्या सात वर्षं आधीचं, १८४७चं. ही कॉलेजं निघाली तेव्हा कंपनी सरकारला रस्ते, पूल, कालवे हवे होते आणि ती कामं करून घ्यायला पब्लिक वर्क्स खात्यात कनिष्ठ माणसं हवी होती. सगळ्या जागांवर इंग्लंडहून माणसं आणणं परवडणारं नव्हतं.

म्हणजे आपल्याकडचं इंजिनिअरिंगचं शिक्षण सरकारच्या गरजेतून जन्मलं. काम वरून येणार, नकाशा वरून येणार, खालच्याने मोजमाप करून ते उभं करायचं. यातूनच विश्वेश्वरय्यांसारखी माणसं घडली, तीही पुण्याच्याच कॉलेजातून. त्यामुळे हे शिक्षण वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पण वापरणाऱ्या माणसाला जाऊन विचारायचं, ही सवय त्या अभ्यासक्रमात नव्हती. माझ्या अभ्यासक्रमातही ‘युजर’ हा शब्द पहिल्यांदा आला तो चौथ्या वर्षात, एका डायग्रॅममध्ये. काडीचा माणूस, एक गोल, एक बाण.

देशमुखांची समिती आणि आमचे २४० तास

स्वातंत्र्यानंतर प्रश्न पुढे आला की कॉलेजात शिकणाऱ्या मूठभर पोरांचा उरलेल्या देशाशी संबंध काय? राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रसेवा करावी असं सुचवलं. पुढे १९५९च्या सुमारास सी. डी. देशमुखांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. हेच आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतरचे अर्थमंत्री. या समितीची शिफारस आज वाचली तर दचकायला होतं. कॉलेजात जाण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी, आणि तीही सक्तीने.

ती योजना झाली नाही. एवढ्या मुलांना वर्षभर सांभाळायचा खर्च कुठून आणायचा, हा साधा आणि मोठा प्रश्न होता. नंतर के. जी. सैयदैन यांनी इतर देशांमध्ये तरुणांची सेवा कशी चालते याचा अभ्यास केला. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा असावी असं म्हटलं. शेवटी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ला, तेव्हाचे शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. ३७ विद्यापीठं, ४० हजार विद्यार्थी. सक्ती नाही आणि वर्षभर तर नाहीच. ब्रीदवाक्य ठेवलं, ‘नॉट मी बट यू’.

चारच वर्षांत तिची परीक्षा झाली. १९७२चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांना आजही तारखेसारखा आठवतो. दुष्काळी कामांवर बाया खडी फोडत होत्या, कामावर सुकडी वाटली जात होती. १९७३मध्ये ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ या विषयावर एनएसएसची खास शिबिरं झाली. कॉलेजची पोरं फावडी घेऊन गावात गेली. आमचं सात दिवसांचं शिबिर हे त्याच शिबिरांचं पणतू.

एक वर्षाचे २४० तास झाले आणि वर दहा मार्क आले. यात देशमुखांचं काय उरलं, असा प्रश्न मला आता पडतो. तेव्हा पडला नव्हता. तेव्हा मी सॅक भरत होतो.

बोलणारा काटा

दत्तक गाव कॉलेजपासून चाळीस किलोमीटरवर होतं. सकाळी श्रमदान, दुपारी सर्वेक्षण, रात्री पथनाट्याची तालीम. आमच्या गटाकडे आली गावाबाहेरच्या वस्तीवरची अंगणवाडी. वस्तीत ऊसतोडीला जाणारी, वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं. खोली एक, पत्र्याची. पटावर तीसेक मुलं.

आम्ही भिंती रंगवल्या. अ अननसाचा, ब बदकाचा, डोरेमॉन, छोटा भीम. फोटो काढले. पण आम्ही इंजिनिअर ना, रंगावर कसं भागणार? आमच्या गटाने दोन महिने खपून एक यंत्र केलं होतं, बोलणारा वजनकाटा. लोड सेल, आर्डुइनो, छोटा स्पीकर. मूल उभं राहिलं की काटा म्हणणार, ‘अकरा किलो दोनशे ग्रॅम’ आणि आकडा मेमरी कार्डावर साठवणार. अंगणवाडीत मुलांची वजनं दर महिन्याला घ्यावी लागतात, वाढीच्या तक्त्यावर भरावी लागतात, त्यावरून कुपोषण ओळखतात. हे मला माहीत होतं. माझ्या डोक्यात ही कल्पना आली ती आईला वहीवर वाकलेलं पाहूनच. फक्त ते मी मित्रांना सांगितलं नव्हतं.

सेविकाताईंनी कौतुकाने बघितलं. पहिलं पोर काट्यावर चढलं, आवाज ऐकून घाबरलं आणि उतरून पळालं. दुसरं एका जागी उभंच राहीना. तीन वर्षांचं मूल स्थिर उभं राहतं हे आम्ही कोडमध्ये गृहीत धरलं होतं. आकडा नऊवरून तेरावर, तेरावरून सातवर उड्या मारत होता. आम्ही पुन्हा शून्यावर आणायचो, पुन्हा तेच. तासाभरात बॅटरी उतरली.

ताई म्हणाल्या, ‘असू दे दादा. ठेवा इथं. शिकीन मी सावकाश.’ आणि आपला टांगायचा काटा काढून, पोराला झोळीत बसवून, ‘हाल्लास तर बघ’ म्हणत अर्ध्या मिनिटात वजन घेतलं. आकडा वहीत लिहिला. तो तसाही वहीतच लिहावा लागणार होता.

रात्री आईचा फोन आला. मी मोठ्या उत्साहाने भिंतींबद्दल सांगितलं, काट्याबद्दल जरा झाकून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘पोरं हात कुठं धुतात तिथं?’

मला माहीत नव्हतं. तीन दिवस मी त्या खोलीत होतो.

‘बघ जरा,’ ती म्हणाली. ‘आमच्यात बी रोजची तीच तऱ्हा. तीस पोरांच्या हातावर तांब्यानं पाणी घालता घालता खिचडी गार होते. मग घाईत निम्मी पोरं तशीच बसतात जेवायला. आणि मग हगवण लागली की वजन उतरतं, ते आमच्या वहीत लाल.’

रोममधला जिना

दुसऱ्या दिवशी मी बघितलं. बाहेर एक हापसा होता, तो पोरांना हलायचा नाही. ग्रामपंचायतीचा एक नळ होता, तो मोठ्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर. दारात बादली आणि तांब्या. मदतनीस मावशी खिचडीत अडकल्या की पोरं बादलीतच हात बुचकळत होती. एका मुलीने आधी हात बुचकळले आणि मग त्याच बादलीतलं पाणी ओंजळीने प्यायली.

आता जरा लांब जाऊ, इटलीत.

मारिया मॉन्टेसरी हे नाव आपल्याला महागड्या शाळांच्या पाट्यांवर दिसतं. पण तेराव्या वर्षी ही मुलगी रोममधल्या एका तांत्रिक शाळेत गेली होती, कारण तिला इंजिनिअर व्हायचं होतं. पुढे विचार बदलला आणि ती डॉक्टर झाली. ६ जानेवारी १९०७ला रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत तिने पहिलं ‘बालगृह’ उघडलं. का उघडलं, ते ऐकण्यासारखं आहे. एका बांधकाम संस्थेने तिथल्या पडक्या इमारती दुरुस्त करून कामगार कुटुंबांना दिल्या होत्या. आईबाप कामाला गेले की लहान पोरं जिन्यांत खेळायची आणि नव्या भिंती खराब करायची. संस्थेला भिंती वाचवायच्या होत्या, म्हणून पोरांना एका खोलीत बसवायचं ठरलं.

भिंतींची काळजी तिकडेही आणि आमच्या शिबिरातही. फरक एवढाच की मॉन्टेसरीने खोलीत गेल्यावर भिंतींकडे नाही, पोरांकडे पाहिलं. तिने जड बाकं नाकारली. तिथे मुलाला उचलता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या आल्या, हात पोचेल असं बुटकं कपाट आलं आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला वापरता येईल असं बुटकं हात धुण्याचं स्टँड आलं. ही इंजिनिअरिंगची जुनी, साधी गोष्ट आहे, वापरणाऱ्याचं माप घ्यायचं. फक्त तो वापरणारा तीन फूट उंच होता.

बोर्डीचं अंगण

ही पद्धत आपल्याकडे रुजवण्यात पुढाकार होता गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांचा. गिजुभाई मूळचे वकील. ताराबाई राजकोटच्या महिला ट्रेनिंग कॉलेजातली प्राचार्यपदाची नोकरी सोडून भावनगरला त्यांच्यासोबत गेल्या. १९२६ला त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पण ताराबाईंना एक गोष्ट खुपत राहिली. मॉन्टेसरीची साधनं महाग. शहरातल्या बऱ्या घरच्या मुलांनाच ती परवडणार. खेड्यातल्या पोराचं काय?

१९४५ला त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. तिथे त्यांनी केलं ते आमच्या भाषेत सांगायचं तर कॉस्ट रिडक्शन आणि रिडिझाइन. पॉलिश केलेल्या लाकडी ठोकळ्यांऐवजी शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं, खडे, बांबू. मोजायला, लावायला, ओळखायला परदेशी पेटी कशाला हवी? साधनामागचा विचार त्यांनी तसाच ठेवला, फक्त सामान बदललं.

तरी दलित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात. मग ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीत नेली, घराच्या अंगणात. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झालं. ती मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शाळा गुरांच्या मागे कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा.

२ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांमध्ये सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांचं नाव ‘अंगणवाडी’ झालं. आज देशात १३ ते १४ लाख अंगणवाड्या आहेत. माझी आई ज्या शब्दावर नोकरी करते, जो शब्द मी कॉलेजात लपवत होतो, तो या इतिहासातून आलाय हे मला पंचविशीनंतर कळलं. आईला मी ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘अंगणातच बरं होतं की. पत्रा तापत नव्हता.’

काडेपेटी आणि व्हॉल्व्ह ट्यूब

याच वाटेने गेलेला एक इंजिनिअर विद्यार्थी म्हणजे अरविंद गुप्ता. सत्तरच्या दशकात आयआयटी कानपूरला असताना ते मेसमध्ये काम करणाऱ्यांच्या मुलांना शिकवायचे. पदवीनंतर पुण्यात टेल्कोत नोकरी. तिथून १९७८मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती केल्या. खेडेगावातल्या पोराला मेकॅनो मिळाला, तोही काही पैशांत आणि गावच्याच बाजारातून. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगणमध्ये त्यांनी अशी शेकडो खेळणी केली. आपल्यातल्या अनेकांनी ती यूट्यूबवर पाहिलीत.

शिंपल्यापासून व्हॉल्व्ह ट्यूबपर्यंत एक नियम सारखा आहे. मोडलं तर गावातच दुरुस्त झालं पाहिजे. आमचा बोलणारा काटा या नियमात पहिल्याच तासाला नापास झाला होता.

दोन फूट

शिबिराचे तीन दिवस उरले होते. आमच्यात सिव्हिलचा एक मित्र होता, जो आतापर्यंत ब्रश धुण्यापुरताच उपयोगी समजला गेला होता. त्याने टेप काढला. एक एक पोर दारात उभं केलं आणि विटेच्या तुकड्याने चौकटीवर खुणा केल्या. नळ दोन फुटांवर हवा असं निघालं.

दोनशे लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम, विटांचा ओटा, अर्ध्या इंची पाइप, दोन एल्बो, तीन टी, चार नळ. पाणी कुठे जाणार हा प्रश्न ताईंनी विचारला, आमच्या डोक्यात नव्हता. म्हणून शोषखड्डा खणला, खाली मोठे दगड, वर बारीक खडी, वाळू. सगळ्यांनी वर्गणी काढली. काट्याला जेवढा खर्च आला होता त्याच्या निम्म्यातच काम झालं.

शेवटच्या दिवशी खिचडीच्या आधी पोरं नळाला लागली. हात धुण्यापेक्षा पाणी उडवणंच जास्त चाललं होतं. मावशी ओरडत होत्या. ताई म्हणाल्या, ‘आता ड्रम कोण भरणार रोज?’ हा प्रश्न खराच होता. वस्तीतल्या बायकांनी आपसात वार लावून घेतले. ते आमच्या अहवालात लिहायचं राहून गेलं. अहवालात भिंतींचे फोटो होते.

त्या रात्री शेकोटीपाशी मी पहिल्यांदा सांगितलं, माझी आई अंगणवाडीत मदतनीस आहे. कुणी काही बोललं नाही. मग सिव्हिलवाला म्हणाला, ‘मग आधी का नाही फोन लावलास, येड्या?’

साइटवरची पोरं

१९६९मध्येच, एनएसएस सुरू झाली त्याच वर्षी, दिल्लीत राजघाटाजवळ गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चाललं होतं. मजूर बाया काम करत होत्या आणि त्यांची तान्ही मुलं धुळीत, उन्हात पडलेली होती. मीरा महादेवन यांनी ते पाहिलं आणि तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ उभी राहिली. काम संपलं, मजूर पुढच्या साइटवर गेले, की पाळणाघरही पुढे. ताराबाईंच्या कुरणशाळेचंच हे शहरातलं भावंड.

बांधकाम मजुरांच्या १९९६च्या कायद्यात कलम होतं. जिथे पन्नासहून अधिक स्त्री मजूर काम करत, तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी असायची. तेव्हा साइटवर जाणाऱ्या माझ्या सिव्हिलच्या मित्रांनो, सेवा करायला दत्तक गावापर्यंतच जावं लागतं असं नाही. प्लॅनमध्ये लेबर कॅम्पची खोली दाखवताना तिच्या शेजारी आणखी एक खोली आहे का, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

आणि माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांनो, आपलंही सांगतो. २०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन जुने, हँग होणारे, आणि ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरायची. मी तेव्हा घरून काम करत होतो आणि एका कंपनीच्या ॲपचा फॉर्म लिहीत होतो. पंधरा रकाने, सगळे बंधनकारक. बातमी वाचली आणि हातातलं काम थांबवून मला तो काटा आठवला.

पुढच्या वर्षी

दत्तक गाव तेच असतं, म्हणून पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. बोलणारा काटा कपाटात रजिस्टरांच्या खाली होता, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेला. ताईंनी तो फेकला नव्हता. पाहुण्याने आणलेली वस्तू आपण जशी ठेवतो तसा ठेवला होता. डोरेमॉनचा निम्मा चेहरा ओलीने गेला होता.

चारपैकी तीन नळ चालू होते. चौथ्याचा वायसर गेला होता, तिथे कुणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली होती. आम्ही नवा नळ बसवायला निघालो तर ताई म्हणाल्या, ‘तो राहू द्या, गळत नाही. त्यापेक्षा ड्रमला झाकण आणा. डास होतात.’

आम्ही झाकण आणलं.

मला ते दहा मार्क लागले नाहीत, एम-थ्री तसाच सुटला होता. आता कॉलेजची पोरं कधीकधी फोन करतात, ‘दादा, अंगणवाडीसाठी ॲप करायचंय, गाइड कर.’ मी त्यांना सांगतो, करू. आधी एक पूर्ण दिवस तिथे जाऊन जमिनीवर बस. खुर्चीवर नाही. आणि जेवणाच्या आधीची पंधरा मिनिटं बघ. काही जण पुन्हा फोन करत नाहीत. जे करतात, त्यांचा पहिला प्रश्न सहसा ॲपचा नसतो.